मिस्तरणीचा थैला

मी एक जुना थैला आहे, मित्रांनो. भाजीचा नव्हे, अवजारांचा. जाड कॅनव्हासचे दुहेरी अंग, तळाला चामडे, दोन रुंद पट्टे आणि आतबाहेर लहानमोठे खण असा माझा थाट आहे. एके काळी पाने, पक्कड, हातोडा, करवत, मीटर असा एका मिस्तरीचा सगळा संसार माझ्यात मावत असे. आज माझ्यात कांदे आहेत. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात एका घराच्या ओसरीत मी खुंटीला टांगलेला असतो. येणारेजाणारे मला कांद्यांचा थैला समजतात. त्यांचे काही चुकत नाही. पण माझी हकीकत ऐकायची तर कांद्यांच्या बऱ्याच आधीपासून ऐकावी लागेल.

माझा जन्म वामनदादांच्या शिवणयंत्रावर झाला. वामनदादा ट्रकांच्या ताडपत्र्या शिवत. आमच्या भागातली केळी ट्रक भरभरून लांबच्या शहरांना जातात, त्यामुळे त्यांच्या हाताला कामाची कमी नव्हती. मोठ्या कामातून चांगले कापड उरले की ते त्याचा थैला शिवत. मला शिवताना त्यांनी घाई केली नाही. पट्टे नुसते तोंडाशी टाचले नाहीत. पट्टा एका बाजूने खाली उतरवला, तळाखालून फिरवला आणि दुसऱ्या बाजूने वर आणला, म्हणजे ओझे शिवणीवर न पडता पट्ट्यावर पडावे. दोऱ्याला मेण लावले. कोपऱ्यांत पितळी रिबिटा ठोकल्या. मग मला उलटासुलटा करून पाहिले आणि शनवारा दरवाज्याजवळच्या रमेशभाऊंच्या दुकानात पाठवून दिले.

रमेशभाऊ अवजारे विकत. त्यांच्या दुकानात मी वरच्या आकड्याला बरेच दिवस लटकून होतो. गिऱ्हाईक येई, खालच्या चकचकीत नायलॉनच्या थैल्यांच्या चेनी मागेपुढे ओढून बघे आणि त्यातलाच एखादा घेऊन जाई. माझ्याकडे बोट दाखवून कोणी विचारी, यात काय बिऱ्हाड भरायचे का? दुकानात हशा होई. माझ्यावर धूळ साचत गेली. आपण फार मोठे झालो ही आपलीच काही चूक असावी, असे मला वाटू लागले होते.

मग एका दुपारी छायाताई आल्या. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला रुमाल. दोन्ही हातांनी त्यांनी खताची एक फाटकी गोणी कवेत धरली होती. गोणीतून अवजारांची टोके बाहेर आली होती. डोळे लाल होते. रमेशभाऊंनी त्यांना ओळखले, बसायला स्टूल दिले आणि काय झाले ते विचारले. त्यांनी जे सांगितले, त्यावरून मला पुढच्या सगळ्या गोष्टींचा उलगडा झाला.

छायाताईंचे यजमान ललितभाऊ हे मोटरींचे मिस्तरी. शेतातल्या विहिरी, बोअर, त्यांत सोडलेल्या मोटरी, त्यांचे स्टार्टर, ठिबकच्या नळ्या, हे सगळे त्यांचे काम. तापीच्या दोन्ही काठांवर त्यांना मान होता. एकदा विहिरीत उतरताना भिंतीतला, पाय ठेवायचा लोखंडी पायटा निसटला आणि ते खाली पडले. जीव वाचला. पण खुबा आणि मांडी मोडली, सळया घालाव्या लागल्या आणि माणूस खाटेला खिळला. घरात ते, त्यांची आई ताराबाई आणि छायाताई एवढीच माणसे. कमावणारा हात एकच होता, तो असा आडवा झाला.

छायाताईंचे वडील यशवंतराव कागदाच्या कारखान्यात फिटर होते. महाराष्ट्रातून नेपानगरला येऊन राहिलेली ही मंडळी. पाना कसा धरतात हे मुलीने घरातच पाहिले होते. लग्नानंतर ललितभाऊंबरोबर त्या कधी कधी शेतावर जात, केबल धरत, बोल्ट हातात देत. ललितभाऊ पडल्यावर निंबा नावाच्या शेतकऱ्याचा निरोप आला, स्टार्टर उडालाय, केळीला पाणी नाही. जायला कोणी नव्हते. छायाताई गेल्या. त्यांनी फोन कानाला लावला, ललितभाऊ खाटेवरून सांगत गेले आणि त्या एकेक तार सोडवत गेल्या. मोटर चालू झाली. निंबाने ही गोष्ट दुसऱ्याला सांगितली, दुसऱ्याने तिसऱ्याला. अशी सुरुवात झाली.

अवजारे मात्र त्या खताच्या गोणीत घालून नेत. त्या दिवशी जैनाबादला जाताना तापीच्या पुलावर गोणी फाटली. साखळीचा मोठा पाना कठड्याच्या फटीतून नदीत गेला. तो ललितभाऊंचा आवडता पाना होता. छायाताई स्कूटी लावून पुलावर बसून राहिल्या, रडल्या, आणि उरलेली अवजारे कवेत घेऊन परत फिरल्या त्या थेट दुकानात आल्या.

रमेशभाऊंनी त्यांच्यापुढे एक छोटी, सुबक थैली ठेवली आणि ही हलकी आहे, बाईमाणसाला बरी, असे सांगितले.

छायाताईंनी गोणीतली सगळी अवजारे काउंटरवर ओतली. म्हणाल्या, "हलका थैला घेऊन काय करू, भाऊ? वजन तर अवजारांचं आहे."

मग निवड सुरू झाली. मित्रांनो, मी पुष्कळ गिऱ्हाइके पाहिली होती, पण असे निवडणारे पाहिले नव्हते. लोक थैल्याचा रंग बघतात, त्या थैला भरून बघत होत्या. प्लास्टिकची पेटी त्यांनी उघडली, मिटली आणि बाजूला ठेवली. ती बांधावरून पडली की तिचे झाकण जाणार, हे त्यांनी बिजागरीवर बोट ठेवून सांगितले. नायलॉनच्या थैलीच्या चेनीत शेतातली रेती अडकणार होती. शिवाय मोठा पाना आत घालताच तिचा तळ खाली लोंबला. चामड्याचा थैला देखणा होता, पण रोज चिखलपाण्यात तो कुजला असता. त्यांनी वर पाहिले. रमेशभाऊंनी काठीने मला खाली काढले.

त्यांनी आधी माझ्यावरची धूळ झटकली. मग मला उलटा केला आणि तळाखालून गेलेला पट्टा बोटांनी शेवटपर्यंत चाचपून पाहिला. शिवण दोन्ही हातांनी ताणली. सगळी अवजारे माझ्यात भरली, मला खांद्याला लावले आणि रस्त्यापर्यंत जाऊन परत आल्या. स्कूटीवर पाय ठेवायच्या जागी मला ठेवून पाहिले. मी आपला आपण उभा राहिलो, तोंडही उघडे राहिले. विहिरीच्या काठावर एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने हवे ते काढता यायला हवे, म्हणून हे त्यांना पाहायचे होते.

"मोठा होतो ना, ताई, तुम्हाला," रमेशभाऊ म्हणाले.

"काम वाढेल," छायाताई म्हणाल्या.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, की मी चुकीच्या मापाचा नाही.

पुढची काही वर्षे माझ्या आयुष्यातली खरी वर्षे. सकाळी ताराबाई डबा भरून माझ्या बाहेरच्या खणात ठेवत. आम्ही तापी ओलांडून जैनाबादकडे जात असू, कधी शाहपूरच्या बाजूला, कधी थेट डोईफोडियापर्यंत. सुरुवातीला शेतकरी आमच्या मागे बघत. स्कूटीवरून बाई उतरली, आता मिस्तरी मागून येत असेल, असे त्यांना वाटे. छायाताई मला खाली ठेवत आणि स्टार्टरची पेटी उघडत. कोणी टोमणा मारला तर ऐकून घेत. एका गड्याने, बाईने हात लावला की मोटर रुसते, असे म्हटले होते. त्याच्याच मालकाची मोटर सुरू झाल्यावर तो गडी पाटाच्या पाण्यात तोंड धूत होता, इतके मला आठवते.

आमच्याकडे उन्हाळ्यात केळीला एक दिवस पाणी चुकले तरी पाने करपू लागतात आणि गरम वारा सुटला की घडासकट झाड कोलमडते. त्यामुळे मोटर बंद पडणे म्हणजे घरात कोणी आजारी पडण्यासारखेच. छायाताई हाक आली की निघत. जोखमीचे काम असे बोअरमधून मोटर वर काढण्याचे. वर तीन पायांचे तिकाटणे उभारायचे, कप्पी लावायची आणि लोखंडी पाइप एकेक करून वर ओढायचे. वरचा पाइप सोडवताना खालच्या पाइपाला शिकंजा आवळून तोलून धरायचे. तो शिकंजा सुटला तर पाइपांसकट मोटर बोअरच्या तळाला. ललितभाऊंचा जुना शिकंजा झिजला होता. छायाताईंनी नवा घेतला. जुना त्यांनी टाकला नाही. तो नवऱ्याच्या हातचा होता, म्हणून माझ्या बाहेरच्या खणात जपून ठेवला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्या मला ललितभाऊंच्या खाटेशेजारी ठेवत. अवजारे बाहेर काढून पुसत आणि दिवसभरातली प्रत्येक मोटर कशी बिघडली होती ते सांगत. ललितभाऊ डोळे मिटून ऐकत आणि मध्येच विचारत, आवाज कसा होता, घरघर होती की नुसता हुंकार? मग ते कारण सांगत. त्यांचे बरोबर निघे. हसत दोघे. त्यांनी मन लावून शिकवले आणि यांनी मन लावून घेतले. माझ्या चामड्याला तेल लावायचे काम ललितभाऊंनी आपणहून मागून घेतले होते. खाटेवर बसून ते फडक्याने माझा तळ चोळत बसत. हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर पुढचे ऐकून तुम्हाला वाटेल, की तो माणूस पहिल्यापासूनच वाईट होता. तसा तो नव्हता.

डोईफोडियाच्या मालूबाई एकट्याने शेती करत. त्या मला जमिनीवर ठेवू देत नसत, खाटेवर ठेवत. म्हणत, ज्याच्यामुळे पाणी येते त्याला पायाशी कसे ठेवू? छायाताईंना लोक आता मिस्तरीण म्हणू लागले होते. एरवी मिस्तरीण म्हणजे मिस्तरीची बायको. तापीकाठी त्या शब्दाचा अर्थ बदलला होता. छायाताईंना तो आवडे. स्कूटीवर एकट्या असताना तो शब्द त्या एकदा हळूच स्वतःशी म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्या पायाशीच होतो.

ललितभाऊ आधी कुबड्यांवर आणि मग काठीवर चालू लागले. घरात आनंद झाला. ताराबाईंनी गल्लीत पेढे वाटले. ललितभाऊ ओसरीत खुर्ची टाकून बसू लागले आणि तिथूनच सगळे बिनसले. कारण ओसरीत येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या तब्येतीची चौकशी करी आणि मग आत डोकावून ताईंना विचारी.

एकदा जैनाबादचे देवराम आले. त्यांची मोटर पाणी कमी ओढत होती. ललितभाऊ म्हणाले, मी येतो. देवराम भला माणूस, पण बोलून गेला.

"तसं नाही, भाऊ. मागच्या खेपेले ताईनं पाह्यली होती. तिले ठाऊक आहे. तुमी आराम करा."

ललितभाऊ हसले. नंतर बराच वेळ ते काठीच्या टोकाने फरशीवरची एक भेग उकरत बसले होते. त्या दिवसापासून संध्याकाळी मी खाटेजवळ गेलो तरी ते काही विचारीनासे झाले. छायाताई सांगत, ते ऐकत नसत. मग छायाताईंनीही सांगणे सोडले. माझ्या तळाला तेल लागेनासे झाले.

काही दिवसांनी, सकाळी छायाताई निघायच्या तयारीत असताना, ललितभाऊंनी मला खुंटीवरून काढले आणि पट्टा आपल्या खांद्यात अडकवला.

"आता मी बरा झालो," ते म्हणाले. "तू लय केलं. आता घर पाह्य."

छायाताई म्हणाल्या, "दोघं जाऊ ना. तुम्ही बसून सांगा, खाली वाकायचं ते मी करते."

"बायको काम करते अन् नवरा बांधावर बसून पाह्यते, असं दिसू मी लोकाईले?"

छायाताई पुढे आल्या आणि माझ्यातली अवजारे कुठे काय आहे ते सांगू लागल्या. बाहेरच्या खणातला शिकंजा झिजलेला आहे, तो वापरू नका, असे त्या सांगणार होत्या. बाहेरच्या खणावर त्यांचा हातही आला होता. ललितभाऊंनी मला दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि म्हणाले, हे काम तुला मीच शिकवले. छायाताईंनी हात मागे घेतला.

मित्रांनो, ललितभाऊंना काम येत नव्हते असे समजू नका. त्यांचा कान आणि बोटे अजून तशीच होती. पण पाय साथ देत नव्हता. त्यांना उकिडवे बसता येत नसे. भार आला की मांडी थरथरे. लहान कामे त्यांनी केली. काही लोकांनी त्यांना मानाने बोलावले, काहींनी नुसतेच जुन्या ओळखीखातर. मग मे महिन्यात देवरामांची मोटर बंद पडली. केळीचे घड भरत आले होते. मोटर वर काढल्याशिवाय उपाय नव्हता.

देवराम आणि चार गडी मदतीला होते. तिकाटणे उभे राहिले, पाइप वर येऊ लागले. ललितभाऊंनी शिकंज्यासाठी हात घातला तो माझ्या बाहेरच्या खणात. आत नवा होता. पण हाताला जुना ओळखीचा लागला आणि त्यांनी तोच बाहेर काढला. मी थैला. मला ओरडता येत नाही. त्यांनी शिकंजा आवळला, शेवटचा फेर द्यायला पायावर जोर दिला आणि पाय लचकला. झिजलेले दात पाइपावरून सरकले. खडखडाट झाला. मोटर पाइपांसकट बोअरच्या तळाला गेली.

देवरामांनी बाजूला जाऊन फोन केला असावा, कारण थोड्या वेळाने छायाताई स्कूटीवरून आल्या. त्यांच्या हातात लोखंडी काटा होता. पडलेले पाइप धरून वर काढायला त्यांनी तो पूर्वी एका लोहाराकडून करून घेतला होता आणि मालूबाईंच्या बोअरमध्ये तो चालवलाही होता. त्या सरळ बोअरकडे गेल्या.

ललितभाऊ आडवे आले. "माह्या हातून गेली, मीच काढीन. तू घरी जाय."

"मिस्तरी, तिले पाहू द्या," देवराम म्हणाले.

ललितभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

छायाताई हळू आवाजात म्हणाल्या, "बाग कोणाची जळतेय ते बघा आधी. माझं-तुमचं घरी गेल्यावर."

"घरी जाय म्हटलं ना."

चार गडी, देवराम, देवरामांची सून, सगळे बघत होते. छायाताईंनी काटा माझ्याशेजारी ठेवला आणि त्या गेल्या. ललितभाऊंनी तो काटा बोअरमध्ये सोडला खरा, पण तो कसा फिरवायचा हे त्यांना माहीत नव्हते. ते तो दिवसभर फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर देवरामांनी लांबून दुसरा मिस्तरी आणला. त्याला यायला वेळ लागला आणि मोटर काढायला आणखी वेळ. तोवर गरम वाऱ्याने अर्धी बाग झोपवली होती. कच्चे घड जमिनीवर पडलेले, पाने कागदासारखी वाजत होती. देवरामांनी ललितभाऊंसाठी चहा मागवला. तो चहा ललितभाऊंनी बाजूला सारला. त्या दिवशी बांधावर बसून ते दुखऱ्या मांडीवर मुठी मारत होते. मी जवळच होतो. त्यांची मला कीव आली आणि रागही आला. दोन्ही अजून तसेच आहेत.

त्यानंतर ललितभाऊंना कोणी बोलावले नाही. छायाताईंचा फोन मात्र वाजत राहिला. एकदा मालूबाईंनी फारच गळ घातली, तेव्हा छायाताईंनी मला उचलले आणि आम्ही डोईफोडियाला जाऊन काम करून आलो. किती दिवसांनी ते हात माझ्यात शिरत होते. परत आलो तर ललितभाऊ ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. सकाळपासून जेवले नव्हते. भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशीही त्यांनी ताट सारले. तिसऱ्या दिवशी ताराबाई छायाताईंजवळ येऊन बसल्या. याच ताराबाईंनी इतकी वर्षे पहाटे उठून डबा भरला होता, गल्लीतल्या बायका बोलल्या तेव्हा सुनेची बाजू घेतली होती.

"पोरी, म्या तुले कधी अडवलं नाही," त्या म्हणाल्या. "पण माह्या पोराचं तोंड पाह्य. तो जिवाचं काही करून घेईन. राहू दे आता."

छायाताईंनी मला पुन्हा खांद्याला लावले नाही. फोन आला तर, आता करत नाही, एवढेच सांगत. हळूहळू फोन यायचे थांबले. माणसे अडचण फार दिवस धरून बसत नाहीत, दुसरा मिस्तरी शोधतात.

ललितभाऊंना केळी पिकवायच्या एका गोदामात राखणदाराची जागा मिळाली. बसून करायचे काम. एके दिवशी छायाताई बाजारात गेल्या असताना भंगारवाला गल्लीत आला. ललितभाऊंनी मला खुंटीवरून काढले आणि अवजारे त्याच्या तराजूत ओतली. पाने, पक्कड, नवा शिकंजा, यशवंतरावांनी लेकीला दिलेली कारखान्यातली हातोडी, सगळे. भंगारवाल्याने मलाही उलटून पाहिले आणि कापडाचे काही येत नाही म्हणून परत टाकले. मी असा वाचलो. छायाताई आल्या. त्यांनी मला खुंटीवर सुरकुतलेला पाहिला, आत हात घातला आणि हात तसाच काही वेळ आत ठेवला. मग पिशवीतले कांदे त्यांनी माझ्यात ओतले. तेव्हापासून रोज दोन वेळा त्यांचा हात माझ्यात येतो आणि कांदे घेऊन जातो.

मागच्या महिन्यात शाळेतल्या प्रतिभाताई ओसरीत आल्या. घरोघर जाऊन माणसांची माहिती घेण्याचे काम त्यांच्याकडे होते. ललितभाऊ घरीच होते. प्रतिभाताईंनी त्यांना विचारले, त्यांनी राखणदार असे सांगितले. मग छायाताईंच्या कामाबद्दल विचारले. ललितभाऊ काही बोलायच्या आत ताराबाई कोपऱ्यातून म्हणाल्या,

"मिस्तरी लिह्य, बाई. मोटरीची मिस्तरी आहे माही सून."

ललितभाऊंनी मान खाली घातली. प्रतिभाताईंनी छायाताईंकडे पाहिले आणि विचारले, "करता का हे काम?"

"करत होते," छायाताई म्हणाल्या. "तुमच्यात 'करत होते' लिहायला जागा आहे का?"

प्रतिभाताईंनी जरा शोधल्यासारखे केले. जागा नव्हती.

"मग घरकाम लिहा. सासूबाई म्हाताऱ्या झाल्यात, त्यांचं मनावर घेऊ नका."

ताराबाई पदराने डोळे पुसत आत गेल्या. छायाताई त्यांच्या मागे गेल्या नाहीत. त्यांनी प्रतिभाताईंना पाणी दिले आणि ग्लास विसळायला मोरीकडे निघून गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी काही मागायचे असते. वस्तू नीट ठेवा, ऊन दाखवा, तेल लावा, असे मी सांगू शकतो. पण खरे सांगायचे तर माझे काहीच बिघडलेले नाही. वामनदादांचा एक टाका उसवलेला नाही. पट्टे आजही ओढून पाहा. मोठा आणि टिकाऊ थैला कसा निवडावा हे छायाताईंना कळत होते, म्हणून मी टिकलो आहे आणि अजून पुष्कळ वर्षे टिकेन, ही माझी शिक्षा आहे. तेव्हा माझी काळजी करू नका. तुमच्या घरात कोणाच्या हाताला एखादे काम येत असेल, तर ते हात जपा. ते काम बाईचे की बाप्याचे, मोठ्याचे की धाकट्याचे, हे मोजत बसू नका. त्या हातांतून थैला काढून घ्यायला फार ताकद लागत नाही. एक दुखरा पाय आणि एक न जेवलेले ताट एवढ्याने ते होते. पुन्हा द्यायचे म्हटले तर मात्र घरात कोणालाच ते जमत नाही, सगळ्यांना वाटत असूनही.

तिन्हीसांज होत आली आहे. आतून फोडणीची तयारी ऐकू येते. आता त्या येतील.